दप्तर आणि देह : हॉलंडमधील १९४४-४५ चा दुष्काळ व त्याच्या अधिजनुकीय खुणा

दुष्काळाचा इतिहास लिहिणाऱ्याचे लक्ष साहजिकच मृतांकडे जाते. धान्याचे भाव, पर्जन्यमान, मदतकामांवरील मजुरांची संख्या आणि अखेरीस मृत्यूंची बेरीज एवढी सामग्री हाती आली, म्हणजे दुष्काळाचे वर्णन पुरे झाले असे मानण्याची रीत आहे. जे वाचले त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो; आणि जे त्या काळी जन्मलेही नव्हते, केवळ मातेच्या उदरात होते, त्यांना तर इतिहासाने मोजलेच नाही. अशा अजातांचाही इतिहास लिहिता येतो, हे ज्या दुष्काळामुळे प्रथम स्पष्टपणे दिसून आले, तो आशियातील वा आफ्रिकेतील नसून पश्चिम युरोपातील आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात हॉलंडच्या पश्चिम भागात पडलेला हा दुष्काळ अवघ्या सहा-सात महिन्यांचा होता, आणि त्यात सुमारे २०,००० माणसे दगावली. त्याच्या एकच वर्ष आधी, १९४३ साली, बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने व तिच्या पाठोपाठ आलेल्या रोगांनी मेली. असे असूनही भुकेचा मानवी शरीरावर होणारा दीर्घकालीन परिणाम ह्या विषयावर जे वैद्यकीय लेखन झाले, त्यात हॉलंडच्या दुष्काळाला जे स्थान आहे ते बंगालच्या दुष्काळाला नाही. ह्याचे कारण भुकेच्या तीव्रतेत शोधू गेल्यास सापडणार नाही. ते कागदपत्रांत आहे.

प्रसंग थोडक्यात असा. १७ सप्टेंबर १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने ऱ्हाइन नदीवरील पूल काबीज करण्यासाठी हॉलंडमध्ये विमानांतून सैनिक उतरवले. त्यांना साहाय्य व्हावे म्हणून लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या डच सरकारने त्याच दिवशी रेल्वे कामगारांना संपाचा आदेश दिला. संप झाला, परंतु आर्नेम येथील पूल हाती आला नाही. देशाचा दक्षिण भाग मुक्त झाला आणि दाट वस्तीचा पश्चिम भाग जर्मनांच्या ताब्यात राहिला. संपाचे प्रत्युत्तर म्हणून जर्मन प्रशासक झाइस-इनक्वार्ट ह्याने पश्चिमेकडे होणारी अन्नाची वाहतूक बंद केली. नोव्हेंबरमध्ये जलमार्गांवरील ही बंदी काहीशी सैल करण्यात आली. तथापि तोवर हिवाळा आला, तो नेहमीपेक्षा कडक ठरला, आणि कालवे गोठून गेले. अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, द हेग, लायडेन, हार्लेम, उट्रेख्ट ही शहरे ह्या कोंडीत सापडली. १९४३ च्या अखेरीस प्रौढ माणसाला शिधापत्रिकेवर दररोज सुमारे १,८०० उष्मांकांचे अन्न मिळत होते. १९४४ च्या नोव्हेंबरअखेर हा आकडा एक हजाराच्या खाली गेला, आणि डिसेंबर ते एप्रिल ह्या महिन्यांत तो ४०० ते ८०० च्या दरम्यान राहिला. लोकांनी साखरबीट खाल्ले, ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. शहरातील स्त्रिया सायकलींवर किंवा हातगाड्या ओढीत दूरदूरच्या शेतांपर्यंत जात आणि घरातील चादरी, दागिने देऊन बटाटे घेऊन येत. २९ एप्रिल १९४५ पासून ब्रिटिश आणि नंतर अमेरिकन विमानांनी अन्नाची पोती खाली टाकण्यास सुरुवात केली. ५ मे रोजी जर्मन सैन्य शरण आले. जूनमध्ये शिधा २,००० उष्मांकांच्या वर गेला.

ह्या प्रसंगाला आरंभ आहे, अंत आहे आणि दोहोंच्या तारखा ठाऊक आहेत. दुष्काळांच्या इतिहासात ही गोष्ट दुर्मिळ होय. बहुतेक दुष्काळ हळूहळू येतात, अनेक वर्षांच्या दारिद्र्यात मिसळलेले असतात आणि गेले तरी दारिद्र्य मागे ठेवून जातात. कोणत्या दिवशी भूक सुरू झाली हे सांगता येत नाही. हॉलंडमध्ये पूर्वी बरे खाणारे लोक एकाएकी उपाशी पडले आणि एकाएकी पुन्हा जेवू लागले. मूल केव्हा जन्मले एवढे कळले, की मातेच्या गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात दुष्काळ आला हे मागे मोजून काढता येते. आणि मूल केव्हा, कोठे, किती वजनाचे जन्मले हे प्रसूतिगृहांच्या वह्यांत लिहिलेले होते. दर आठवड्याचा शिधा सरकारी दप्तरात होता. शिवाय प्रत्येक रहिवाशाची नोंद ठेवणारे लोकसंख्या-दप्तर ह्या देशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते, त्यामुळे १९४५ साली जन्मलेले मूल साठ वर्षांनी कोठे राहते ह्याचा माग काढणे शक्य झाले.

ह्या दप्तराची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ज्या अचूकतेमुळे पुढील संशोधकांचे काम सोपे झाले, त्याच अचूकतेचा उपयोग जर्मनांनी डच ज्यूंना हुडकून काढण्यासाठी केला. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार चळवळीतील काही जणांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली ती ह्याच कारणासाठी. परंतु बहुतेक नोंदपत्रे वाचली. एक लाखाहून अधिक डच ज्यू मारले गेले. म्हणजे दुष्काळाच्या हिवाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रसूतिगृहांत ज्या मातांची नोंद झाली, त्या अशा एका शहरातील होत्या की ज्याच्या लोकसंख्येचा एक मोठा भाग आधीच नाहीसा करण्यात आला होता. ह्या विषयावरील वैद्यकीय निबंधांत ही गोष्ट सहसा येत नाही. इतिहासाने ती नोंदवून ठेवणे अवश्य आहे.

दप्तरातून शरीराकडे जाण्याचा पहिला प्रयत्न युद्ध संपताच झाला. हार्वर्ड विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेंट स्मिथ हे १९४५ च्या मे महिन्यात हॉलंडमध्ये आले आणि रॉटरडॅम व द हेग येथील प्रसूतिगृहांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखावरून असे दिसते, की दुष्काळात जन्मलेल्या मुलांचे वजन सुमारे पाव किलोने घटले होते, आणि ही घट गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्या मातांच्या मुलांत दिसत होती. ज्यांच्या मातांना सुरुवातीचे महिने दुष्काळात व शेवटचे महिने मुक्तीनंतर काढावे लागले, त्यांची मुले जन्मतः चांगल्या वजनाची निघाली. त्या वेळी ह्याचा अर्थ असा घेतला गेला, की प्रारंभीच्या भुकेने काही बिघडत नाही. हा निष्कर्ष पुढे पार उलटा ठरला. पण त्यासाठी ती मुले मोठी व्हावी लागली.

पुढचे पाऊल झीना स्टाइन आणि मर्व्हिन सुसर ह्या दांपत्याने टाकले. दोघेही मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. वर्णभेदाच्या राजवटीत तेथे काम करणे अशक्य झाल्यामुळे ते प्रथम इंग्लंडला आणि नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. गर्भावस्थेतील कुपोषणाने बुद्धी मंद होते काय, हा १९६० च्या दशकातील मोठा वादाचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी हॉलंडच्या लष्करी दप्तरात शोधले. सक्तीच्या लष्करभरतीमुळे प्रत्येक डच तरुणाची वयाच्या १९ व्या वर्षाच्या सुमारास शारीरिक व बौद्धिक तपासणी होत असे. दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेल्या सुमारे १,२५,००० तरुणांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. गर्भात असताना उपासमार झालेल्यांत आणि न झालेल्यांत बुद्धीचा फरक आढळला नाही. फरक आढळला तो बापाच्या व्यवसायानुसार. मजुरांची मुले परीक्षेत मागे आणि कारकुनांची पुढे, मग दुष्काळ असो वा नसो. हे उत्तर फारसे कोणाला अपेक्षित नव्हते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात ते सविस्तर मांडले आहे, आणि ह्या विषयावरील लेखनात इतका निर्भीड ग्रंथ दुसरा नाही असे म्हणण्यास हरकत नाही. कारण आपली मूळ कल्पना टिकली नाही हे त्याच्या कर्त्यांनी सरळ सांगितले आहे.

परंतु त्याच नोंदींत आणखी काही दडलेले होते. १९७६ साली सुमारे ३,००,००० तरुणांच्या वजनउंचीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेच्या पहिल्या अर्ध्या काळात दुष्काळ सोसलेले तरुण इतरांपेक्षा अधिक प्रमाणात स्थूल होते, तर अखेरच्या महिन्यांत व जन्मानंतर लगेच तो सोसलेले अधिक प्रमाणात सडपातळ होते. जन्मवजनात ज्यांच्यावर काहीच परिणाम दिसला नव्हता, तेच एकोणिसाव्या वर्षी वेगळे निघाले. पुढे ह्या पिढीत छिन्नमनस्कतेचे प्रमाण दुप्पट असल्याचे १९९० च्या दशकात आढळले. तेही गर्भधारणेच्या सुमारास दुष्काळ सोसलेल्यांतच.

ह्याच सुमारास इंग्लंडमध्ये दुसऱ्या एका दप्तराने खळबळ उडवली होती. हार्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुईणी व आरोग्यसेविका प्रत्येक बालकाचे जन्मवजन आणि एक वर्षाचे वजन वहीत लिहून ठेवीत. डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या मिळवल्या आणि १९८९ साली दाखवून दिले, की लहान वजनाचे बालक पुढे प्रौढपणी हृदयविकाराने मरण्याचा संभव अधिक असतो. वहीत वजन लिहिणाऱ्या त्या सुईणींना आपण इतिहासाचे साधन निर्माण करीत आहोत ह्याची कल्पनाही नसेल. बार्कर ह्यांच्या मतावर टीका पुष्कळ झाली. लहान वजनाची मुले बहुधा गरिबांचीच असतात, तेव्हा दोष वजनाचा की गरिबीचा, हा आक्षेप साधा नव्हता. त्याचे उत्तर मिळण्याची आशा हॉलंडमध्ये होती, कारण तेथे भूक गरीबश्रीमंत सर्वांवर एकदमच आली होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना रुग्णालयात नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४७ ह्या काळात जन्मलेल्या २,४१४ बालकांच्या नोंदी निवडून त्यांचा माग काढण्यात आला. पन्नाशीला आलेल्या ह्या लोकांच्या तपासणीत, गर्भावस्थेच्या मध्यात वा अखेरीस उपासमार झालेल्यांच्या रक्तात ग्लुकोज घेतल्यानंतर साखर अधिक वाढते असे १९९८ साली दिसून आले. आणि प्रारंभीच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांत हृदयविकार अधिक असल्याचे दोन वर्षांनी. मधुमेह आणि हृदयविकार हे म्हातारपणाचे रोग मानले जातात. त्यांची मुळे जन्मापूर्वीच्या काही आठवड्यांपर्यंत जातात असे आता म्हणता येऊ लागले.

येथवर सारे काही आकड्यांच्या संबंधावर उभे होते. भूक १९४५ मध्ये आणि रोग १९९५ मध्ये; मधल्या पन्नास वर्षांत शरीराने ती भूक कोठे जपून ठेवली? जनुकांत म्हणावे, तर डीएनएमधील अक्षरांचा क्रम उपासमारीने बदलत नाही. तेव्हा खूण असलीच तर ती अक्षरांत नव्हे, अक्षरांवर असली पाहिजे. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द १९४२ साली कॉनराड वॉडिंग्टन ह्यांनी गर्भाच्या वाढीत जनुके कशी प्रकट होतात ह्या अभ्यासासाठी योजला. मराठीत त्याला अधिजनुकीय शास्त्र म्हणता येईल. १९७५ साली इंग्लंडमध्ये हॉलिडे व प्यू ह्यांनी आणि अमेरिकेत रिग्ज ह्यांनी स्वतंत्रपणे असे सुचवले, की डीएनएमधील सायटोसीन ह्या घटकाला मेथिल नावाचा लहानसा रासायनिक गट चिकटला म्हणजे त्या ठिकाणचे जनुक मूक राहू शकते, आणि पेशीचे विभाजन झाले तरी ही खूण नव्या पेशीत उतरते. पोथीतील मजकूर तोच राहावा, पण काही ओळींवर हरताळ फासलेला असावा आणि प्रत करणाऱ्याने हरताळासह प्रत करावी, असा हा प्रकार आहे. गर्भधारणेनंतर लगेच ह्यांपैकी बहुतेक खुणा पुसल्या जातात व नव्याने लावल्या जातात. मेथिल गट ज्या रासायनिक साखळीतून येतात तिला फोलेट, बी-१२ जीवनसत्त्व व मेथिओनीन हे घटक अन्नातून मिळावे लागतात. म्हणून खुणा लावण्याचे काम चालू असतानाच अन्न तुटले, तर त्या वेगळ्या लागतील, ही शंका वाजवी होती.

तिची परीक्षा २००८ साली झाली. लॅम्बर्ट लूमे ह्यांनी अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम व लायडेन येथील जन्मनोंदींवरून दुष्काळात गर्भात असलेली माणसे आणि दुष्काळाच्या आधी वा नंतर जन्मलेली त्यांची भावंडे एकत्र शोधून काढली होती. लायडेनचे बास हाइमान्स व त्यांचे सहकारी ह्यांनी गर्भधारणेच्या सुमारास दुष्काळ सोसलेल्या ६० जणांच्या रक्ताची त्यांच्या सख्ख्या भावाशी वा बहिणीशी तुलना केली. गर्भाच्या वाढीशी संबंधित अशा आयजीएफ-२ नावाच्या जनुकाजवळील मेथिलीकरण दुष्काळग्रस्तांत सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळले. गर्भावस्थेच्या अखेरीस दुष्काळ सोसलेल्यांत असा फरक नव्हता. सहा दशकांपूर्वीची भूक रक्तात मोजता आली, ही वार्ता जगभर गाजली, आणि तिच्याभोवती अतिशयोक्तीही पुष्कळ जमली.

इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या खुणेकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? महाराष्ट्रात राजवाड्यांपासून एक शिस्त रुजलेली आहे. घटनेच्या वेळीच लिहिलेला अस्सल कागद वेगळा, आणि घटनेनंतर बऱ्याच काळाने कोणाच्या तरी आठवणीवरून रचलेली बखर वेगळी. बखरीत सत्य असते, पण ते मधल्या काळाच्या हातून आलेले असते. प्रसूतिगृहाची वही हा अस्सल कागद होय. साठाव्या वर्षी काढलेल्या रक्तातील मेथिलीकरण मात्र बखरीच्या जातीचे आहे. त्या साठ वर्षांत त्या माणसाने धूम्रपान केले असेल, त्याचे वजन वाढले असेल, त्याला रोग झाले असतील. ह्या प्रत्येकाची लेखणी त्याच पानावर चाललेली असते. रक्त हे अनेक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे मिश्रण असल्यामुळे त्या पेशींचे प्रमाण बदलले तरी खुणा बदलल्यासारख्या दिसतात. शिवाय मधुमेहात ज्यांना महत्त्व ते स्वादुपिंड व यकृत. त्यांतील पेशींची साक्ष रक्ताने द्यावी, ही सोय आहे, खात्री नव्हे.

ह्याहून खोल असा एक आक्षेप आहे, आणि तो ह्याच संशोधकांनी स्वतःच्या कामावर घेतला ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची निदर्शक मानावी लागेल. दुष्काळाच्या महिन्यांत गर्भधारणाच कमी झाल्या. नऊ महिन्यांनंतरच्या जन्मांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. ही घट मजूर वर्गात अधिक आणि सुस्थित वर्गात कमी होती. म्हणजे दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली व टिकली ती मुले सरसकट सर्व समाजाची प्रतिनिधी नव्हेत. २०१८ साली टोबी, हाइमान्स, लूमे आदींनी असे दाखवले, की दुष्काळाने खुणा बदलल्या असे न मानताही आढळलेल्या फरकाची उपपत्ती लावता येते. मुळात गर्भागर्भांत यदृच्छेने वेगवेगळ्या खुणा असतात, आणि त्यांपैकी उपासमारीत तगून राहण्यास अनुकूल खुणा असलेले गर्भ जगले असतील. जुने दप्तर वाचणाऱ्याला ही अडचण अपरिचित नाही. जे कागद आज हाती आहेत ते आग, वाळवी आणि पूर ह्यांतून वाचलेले आहेत. ते वाचले ह्यातच एक निवड झालेली असते. भूक शरीरावर लिहिते की भूक शरीरे निवडते, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. शिधापत्रिकेवरील आकड्यांनाही अशीच मर्यादा आहे. काळ्या बाजारातून आणि शेतांवरून किती अन्न घरात आले हे कोणत्याच वहीत नाही, आणि गरोदर स्त्रीला घरच्यांनी आपल्या ताटातले काय वाढले हे तर नाहीच.

दरम्यान अधिजनुकीय खुणांचा एक नवा उपयोग पुढे आला. माणसाचे वय वाढते तसे डीएनएवरील काही ठिकाणचे मेथिलीकरण ठराविक दिशेने बदलत जाते. २०१३ साली कॅलिफोर्नियातील स्टीव्ह होर्व्हाट ह्यांनी अशी ३५३ ठिकाणे निवडून, केवळ पेशींचा नमुना पाहून माणसाचे वय साधारणतः चार वर्षांच्या आतबाहेर सांगणारे गणित मांडले. त्याला ‘घड्याळ’ असे नाव पडले. पुढे रोग व मृत्यू ह्यांच्याशी अधिक निगडित अशी घड्याळे आली. आणि न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार जणांच्या आयुष्यभराच्या तपासण्यांवरून वार्धक्याचा वेग मोजणारे एक माप तयार झाले. किती वय झाले एवढेच न पाहता वय किती झपाट्याने होत आहे हे ते सांगू पाहते. २०२४ साली लूमे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माप हॉलंडच्या त्याच भावंडांना, सुमारे साडेनऊशे व्यक्तींना, लावून पाहिले. गर्भात दुष्काळ सोसलेल्यांच्या वार्धक्याचा वेग अधिक निघाला, विशेषतः स्त्रियांत. मात्र इतर दोन घड्याळांत फरक तितका स्पष्ट नव्हता. एका घड्याळाने एक वेळ दाखवावी आणि दुसऱ्याने वेगळी, ह्याचा अर्थ घड्याळे अजून लावून व्हायची आहेत, एवढाच घेणे इष्ट. अशा घड्याळावरून एखाद्या व्यक्तीला तिचे ‘खरे वय’ विकणारे धंदे निघाले आहेत. समूहाविषयीचे सरासरी विधान एका माणसाच्या माथी मारण्याची ती जुनीच चूक आहे.

हॉलंडचा निष्कर्ष सर्वत्र लागू पडतो काय? लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४१ ते १९४४ ह्या काळात, भूक हॉलंडहून कितीतरी भीषण होती. तेथे गर्भावस्थेत वेढा सोसलेल्यांची तपासणी १९९७ साली प्रसिद्ध झाली; त्यांच्यात साखरेचा दोष अधिक आढळला नाही. ह्याचा उलगडा असा सुचवला गेला, की हॉलंडमधील मुले दुष्काळानंतर लवकरच सुबत्तेत वाढली, लेनिनग्राडची मुले तशी वाढली नाहीत. गर्भाने कमतरतेच्या जगासाठी तयारी करावी आणि प्रत्यक्षात मुबलकतेच्या जगात येऊन पडावे, ह्या विसंगतीत रोग आहे असे हे मत. चीनमधील १९५९-६१ च्या दुष्काळानंतर छिन्नमनस्कतेचे प्रमाण हॉलंडप्रमाणेच दुप्पट आढळले, हेही खरे. परंतु मधुमेहाबद्दलच्या चिनी आकड्यांवर लूमे ह्यांनीच आक्षेप घेतला आहे, कारण दुष्काळात व दुष्काळानंतर जन्मलेल्यांची तुलना करताना वयाचा फरक नीट वजा केला जात नाही.

विसंगतीचे हे मत महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दख्खनच्या १८७६-७८ च्या दुष्काळात भूक हॉलंडहून दीर्घ होती आणि मृतांची संख्या कितीतरी मोठी. मदतकामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा सर रिचर्ड टेंपल ह्यांचा हिशेब होता. मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश ह्यांनी तो चुकीचा असल्याचे सांगितले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे दाद मागितली. म्हणजे भुकेचे माप किती असावे हा वाद येथेही लेखी झाला. परंतु त्या वर्षी गरोदर असलेल्या स्त्रीच्या पोटी आलेल्या मुलाचे वजन, गर्भाचे महिने, त्याचे पुढील आयुष्य ह्यांपैकी काहीही लिहिले गेले नाही. गावच्या दप्तरात जन्म आला तरी तो संख्येपुरता. त्या मुलांच्या देहांत ज्या काही खुणा असतील त्या वाचण्याचा मार्ग त्यांच्याबरोबरच संपला. आज एखाद्या मराठी कुटुंबातील मधुमेहाचा संबंध त्या दुष्काळाशी जोडणे कल्पनेला आकर्षक वाटते. तसे करण्यास पुरावा मात्र नाही. नातवंडा-पतवंडांपर्यंत अधिजनुकीय खुणा पोचतात हे माणसाच्या बाबतीत सिद्ध झालेले नाही.

जे दप्तर पूर्वजांनी ठेवले नाही ते नव्याने निर्माण करण्याचे काम पुण्यात १९९३ साली सुरू झाले. केईएम रुग्णालयाचे डॉ. रंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या साहाय्याने, पुण्याजवळील सहा खेड्यांतील विवाहित स्त्रियांची गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवण्यास आरंभ केला. येथे दुष्काळ नव्हता. होते ते रोजचे, सवयीचे अपुरेपण. ह्या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्या काय खातात, शेतात व घरी किती राबतात, पाणी किती लांबून आणतात, हे सारे टिपले गेले. त्यांना झालेल्या मुलांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या मुलांचे ३.५ किलो. पण आश्चर्य पुढेच होते. पुण्याच्या बालकांत स्नायू व पोटातील अवयव कमी, तरी त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ कायम होती. दिसायला कृश, पण अंगी मेद असे हे बालक. जन्मवजनाचा संबंध मातेने एकूण किती उष्मांक खाल्ले ह्याच्याशी फारसा आढळला नाही. तो पालेभाज्या, फळे व दूध ह्यांच्याशी आढळला, आणि कामाचा बोजा जितका अधिक तितके बालक लहान असेही दिसले. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. सहाव्या वर्षी मुलांची तपासणी झाली तेव्हा, ज्यांच्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्या मुलांचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देते असे आढळले. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. फोलेट व बी-१२ म्हणजे मेथिल गटांच्या त्याच साखळीतील दोन कड्या. त्याच वर्षी हॉलंडच्या रक्तातील खूण जगापुढे आली होती.

ह्या दोन संशोधनांत एक भेद आहे. हॉलंडमध्ये संशोधकांना आधीच असलेले दप्तर मिळाले आणि त्यांनी त्यावरून देहापर्यंतचा मार्ग शोधला. पुण्याजवळच्या खेड्यांत दप्तर आणि देह एकाच वेळी वाढत आहेत. तेथील मुले १९९० च्या दशकाच्या मध्यात जन्मली. आता ती तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातील मुलींना व मुलांना किशोरवयातच बी-१२ देऊन पुढच्या पिढीत काही फरक पडतो काय हे पाहण्याचा प्रयोग २०१२ साली हाती घेण्यात आला, आणि त्यांपैकी अनेकींच्या बाळंतपणाच्या नोंदी, बाळाच्या वजनासह, आज त्यांच्या आयांच्या नोंदींच्या शेजारी लागलेल्या आहेत.